शंखाच्या माळेवरचा आळ

मित्रांनो, माझी कहाणी ऐकायची असेल तर जवळ या, पण त्याआधी हात दाखवा. कोणी आत्ताच कैरी खाऊन आलं नाही ना? भेळेवर लिंबू पिळून? मग लांबच बसा. अत्तराचा फवारा मारून आलेल्यांनीही जरा मागे सरकावं. तुम्ही म्हणाल, ही म्हातारी किती संशयी! असू दे. मी एक जुनी माळ आहे, शंखाच्या मण्यांची. माझ्यावर जे गुदरलं ते तुमच्यावर गुदरलं असतं, तर तुम्हीही येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात हुंगून पाहिले असते.

मला समुद्र आठवत नाही. माझे मणी ज्या शंखांचे आहेत ते कधी काळी समुद्रात होते, एवढंच खरं. मला आठवतो तो बाळाराम. कशेळीच्या खाडीतून मीठ वाहून नेणाऱ्या मचव्यावर तो कामाला होता. मचवा वसईच्या बाजूला लागला की बाकीचे खलाशी झोपा काढत आणि हा किनाऱ्यावर वाकून वाकून शंख-शिंपले वेचत बसे. लोक त्याला हसत. घरी आला की ओट्यावर बसून तो शंखाचे तुकडे कापी, दगडावर पाणी शिंपडत ते गोल घाशी आणि दोरीने फिरणाऱ्या गिरमिटाने हळूच भोक पाडी. किती मणी त्याच्या हातात फुटले, त्याला गणती नाही. मधोमध बसवायला त्याने शिंपल्याची एक चंद्रकोर केली. उन्हात धरली की तिच्यावर गुलाबी-हिरवी झाक उठे. शेवटी जाड सुताच्या पिळात त्याने सगळं ओवलं आणि मी तयार झाले.

त्याच्या बायकोने मला आधी हातही लावला नाही. कमरेवर हात ठेवून तिने विचारलं, "कोनाची उचलून आनलीस?" बाळारामने ओट्यावर साठलेला पांढरा भुगा दाखवला, बोटांवरचे फोड दाखवले. तरी तिने एक मणी दाताखाली धरून पाहिलाच, आणि मगच मला गळ्यात घातलं. म्हणजे बघा, मला पहिल्यांदा कोणी हाताळलं तेही संशयानेच. पण तिने तोंडावर विचारलं, त्याने तोंडावर सांगितलं, आणि विषय तिथेच मिटला. पुढे ती बाई मला घालून गावात अशी मिरवली की सोन्याच्या पुतळ्या घालणाऱ्या बायकाही मान वळवून बघायच्या.

त्या बाईला दोन सुना आल्या. माळ एकच आणि सुना दोन, तेव्हा घरात धुसफूस व्हायला कितीसा वेळ लागणार! म्हणून तिने एक रीत घालून दिली. माळ राहील सासूच्या पेटीत, पण नव्या सुनेच्या गळ्यात ती सासूने घालायची नाही. नवी नवरी माप ओलांडून आत आली, की तिच्या आधी घरात आलेल्या सुनेने ती आपल्या हाताने घालायची. सासूने फक्त बघायचं. त्या दिवशी घरातल्या जुन्या सुनेचा मान सगळ्यांपेक्षा मोठा. ही रीत त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. कित्येक जावा माझ्यामुळे एकमेकींच्या जवळ आल्या आहेत.

तेव्हा माझी बडदास्तही होती. नारळी पुनवेला सगळं घर खाडीवर जाई. नारळ पाण्यात सोडला की घरातली म्हातारी मला खाडीत एकदा बुडवून काढी. घरी आणून मला गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसत, सावलीत वाळवत आणि खोबरेलाचं एक बोट फिरवत. बस, एवढंच. या एवढ्याशा सेवेवर मी ताजीतवानी राहत असे. मग खाडीचं पाणी काळं झालं, त्यावर फेस तरंगू लागला, आणि घरच्यांनी मला तिथे न्यायचं सोडलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या पाण्यात मलाही उतरायचं नव्हतं.

मग भातशेतीच्या जागी गोदामं उभी राहिली. बाळारामच्या पणतवाने, काळूरामने, जमिनी भाड्याने दिल्या, तीन मजली घर बांधलं, लिफ्टसुद्धा बसवली. दिवसभर बाहेर कंटेनरची रांग आणि घरात सोन्याची रेलचेल. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये गेलं आणि मी मात्र मिठाईच्या एका प्लॅस्टिकच्या डब्यात, कपाटाच्या तळाशी. डब्याला आतून पेढ्यांचा वास होता. सोबतीला डांबराच्या गोळ्या. मी पिवळी पडत गेले. तीच मी, जिला बघायला गावातल्या बायका माना वळवायच्या! फार वाईट वाटायचं, पण सांगणार कोणाला?

काळूरामची बायको पुतळाबाई. तिचा थोरला मुलगा कुणाल. त्याच्या लग्नात मी डब्यातून बाहेर आले आणि त्याची बायको विनिता हिच्या गळ्यात पडले. त्या वेळी घरातली आधीची सून म्हणजे पुतळाबाईच, म्हणून तिनेच मला घातलं. विनिता वडपे गावची. तिचा भाऊ मनोज, त्याचं भिवंडीच्या बाजारात नकली दागिन्यांचं दुकान. ही गोष्ट तेव्हा कोणाला खटकली नव्हती. उलट पुतळाबाई कौतुकाने सांगायची की आमची सून बाजाराच्या माणसांतली आहे, तिला कोणी फसवू शकत नाही. विनिताच्या गळ्यात मी एकच दिवस होते, तोही हारांच्या खाली. तिने मला धड पाहिलंही नसेल.

आता धाकट्या भाविकचं लग्न ठरलं आणि माझी पुन्हा आठवण झाली. पण या वेळी वारं वेगळं होतं. काळूरामची बहीण कमळा लग्नघरात मदतीला आली होती. तिच्या मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ आला होता. जुन्या शंख-शिंपल्यांच्या दागिन्यांना शहरातले लोक कसे हौसेने विचारतात, आणि तशाच प्लॅस्टिकच्या माळा बनवून लोकांना कसं गंडवतात, असं त्यात दाखवलं होतं. कमळाने तो पुतळाबाईला दाखवला, मग परत एकदा दाखवला. मी कपाटातून ऐकत होते. इतकी वर्षं मला कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं आणि आता अचानक माझी चर्चा! माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

लग्नाच्या आधी पुतळाबाईचा एक नेम असतो. घरातले पितळेचे देव, समया, तांब्याचे कलश ती मोलकरणीला घासू देत नाही. मागच्या ओट्यावर घमेल्यात चिंच कोळते आणि सगळं त्यात घालून स्वतः चोळून काढते. देव असे लखलखतात की बघत राहावं. त्या दिवशी विनिता खरेदीला गेली होती, बाकीचे मांडवात. पुतळाबाईने मला डब्यातून काढलं, पिवळी पडलेली पाहून चुकचुकली, आणि म्हणाली, "देवांचा मळ निघतो, तं हिचा कसा न्हाय निघायचा?" आणि तिने मला देवांच्या बाजूला चिंचेच्या पाण्यात सोडून दिलं.

मित्रांनो, पितळ चिंचेने उजळतं. शंख आणि शिंपला चिंचेत विरघळतो. ते पाणी माझ्या अंगाला लागलं आणि सगळीकडून आग झाली. माझ्या अंगावरून बारीक बारीक बुडबुडे निघायला लागले. बाळारामने दिवस दिवस घासून आणलेली ती तकाकी, ती थराथराने निघून पाण्यात जात होती. पुतळाबाईने फेस पाहिला आणि खूश होऊन म्हणाली, "बघ, किती मळ निघतोय!" मी सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत त्या घमेल्यात होते. चोळताना जुना दोरा तुटला. तिने माझे मणी धुतले आणि तसेच ओले एका रुमालात बांधले. ओल्या अंगाने मी चमकत होते. पाण्यात बुडवलेला साधा खडासुद्धा चमकतो, मग मी का नाही? पुतळाबाईला वाटलं, मी नवी झाले. दुपारी विनिता आल्यावर तिच्या हातात रुमाल देऊन ती म्हणाली, "दोरा तुटलाय. ओवून आन. सांभाळून ने, जुनी चीज हाय."

विनिताने वाटेत रुमाल सोडलाही नाही. भिवंडीच्या बाजारात दौलत नावाचा माणूस दागिने ओवून देतो. त्याची बैठक नेमकी मनोजच्या दुकानाच्या पायरीला लागून. आधीच बाजार, त्यात गल्लीतल्या लूमची खटखट, आणि माझ्या डोक्यावर मनोजच्या दुकानात टांगलेल्या पांढऱ्याशुभ्र प्लॅस्टिकच्या माळा. खरं सांगते, माझ्या तोंडचं पाणी पळालं. एखादी प्लॅस्टिकची माळ माझ्या जागी रुमालात जाईल आणि मी या दोरीवर लोंबकळत राहीन, असं मला वाटलं. मी डोळ्यात तेल घालून दौलतच्या बोटांवर लक्ष ठेवलं. तो मणी उचलायचा, उजेडाकडे धरायचा, भोकातून पाहायचा आणि ओवायचा. विनिता समोरच्या स्टुलावर बसून होती. भावाने चहा मागवला, तोही तिने तिथेच बसून घेतला.

"ताई, जुनी हाय काय? एकदम सफेद पडली," दौलत म्हणाला.

"डब्यात पडून होती ना किती वर्षं," विनिता म्हणाली. तिला तसंच वाटलं. माझं आधीचं रूप तिला ठाऊक नव्हतं.

हळदीच्या दिवशी पुतळाबाईने रुमाल सोडला. मांडवात डीजेवाला आवाज तपासत होता, बायका हळकुंडं कुटत होत्या. मी तोवर पूर्ण वाळले होते. वाळल्यावर माझं खरं रूप दिसलं. खडूसारखी पांढरी, खरखरीत, मणी बारीक झालेले, चंद्रकोरीवर रंगाचा मागमूस नाही. पुतळाबाईने मला उलटसुलट केलं, तळहातावर तोललं. तिचा चेहरा उतरला.

"ही माजी न्हाय," ती म्हणाली.

कमळा लगेच पुढे आली. "बघू वयनी. आगं बाई! आपली कशी चकाकायची. आनी ही हलकी पन लागतंय." मग आवाज खाली करून, पण आजूबाजूच्या बायकांना नीट ऐकू जाईल अशा बेताने, ती म्हणाली, "कुठं दिलेली ओवायला? भावाच्या दुकानापाशी ना?"

मित्रांनो, मी तिथेच होते. पुतळाबाईच्या तळहातावर. मी ओरडून सांगत होते की मीच ती, मीच बाळारामच्या हातची, मीच तुझ्या गळ्यात पडले होते, तेव्हा तू बावरून हसली होतीस. पण माळेला तोंड कुठे असतं? खोटी वस्तू खरी म्हणून मिरवली तर लोकांना पटतं. खऱ्या वस्तूला मात्र आपण खरे आहोत हे सिद्ध करायची सोय नसते. त्या दिवसासारखी मी कधीच रडले नाही.

विनिताला बोलावलं. तिने मला पाहिलं, मग सासूकडे पाहिलं. "आई, तुम्ही दिली तीच हाय ही. माझ्यासमोर ओवली. मी जागची हलले पन नाय."

"मग ही अशी कशी?"

"मना कसं ठाव असेल? मी रुमाल तिथं जाऊनच सोडला."

"मना काय येडी समजतंस?" पुतळाबाईचा आवाज चढला. बायकांचं कुटणं थांबलं. "मी ती माळ नेसत्या लुगड्यापरीस वळखतंय."

कुणाल, विनिताचा नवरा, चार पावलांवर उभा होता. त्याने मान वर केली, आणि पुन्हा मोबाइल कानाला लावून डीजेवाल्याला वायरचं काहीतरी सांगू लागला. काळूराम म्हणाला, "लग्नाच्या घरात कशाला ते? नंतर बघू." नंतर बघू म्हणजे मिटवू असं कोणाला वाटलं नाही. नंतर बघू म्हणजे काहीतरी आहे, असंच सगळ्यांनी घेतलं.

त्यानंतर घरात जे झालं ते फार बारीक होतं, पण माझ्या नजरेतून काही सुटत नाही. कोठीच्या खोलीची किल्ली विनिताच्या कमरेला असायची. पुतळाबाईने "दे इकडं, आहेराच्या साड्या काढायच्या हायत" म्हणून ती मागून घेतली आणि परत दिली नाही. विनिता खोलीत शिरली की कमळाला तिथेच काहीतरी काम आठवायचं. विनिताने आपली पर्स उचलली की चार नजरा पर्सवर जायच्या. हळद लावताना भाविकच्या अंगाला सगळ्या बायकांनी हात लावला, पण विनिताची पाळी आली तेव्हा वाटी कोणी तिच्या पुढे केली नाही. तिने स्वतः उचलून घेतली. आणि संध्याकाळी पुतळाबाईने सांगून टाकलं, की नव्या नवरीला माळ कमळा घालेल.

विनिता भांडी उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न लागलं. दुपारी रुचिका, नवी नवरी, माप ओलांडून आत आली. हॉलमध्ये पाट मांडला होता, भोवती पाहुण्या बायकांचा गराडा. कमळाने मला थाळीत ठेवून आणलं. तिच्या चेहऱ्यावर असा भाव होता की जणू माझा जन्मच तिच्या हाताची वाट बघत झाला. तिने मला उचललं, रुचिकाने मान वाकवली, एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"आत्या, थांबा."

विनिता पाहुण्यांसाठी सरबत करत होती. तशीच बाहेर आली होती. पदर खोचलेला, हातात अर्धं लिंबू.

"आई, एक विचारू?" ती पुतळाबाईला म्हणाली. आवाज शांत होता. "माळ खोटी असेल तं ती नवऱ्या मुलीच्या गळ्यात कशाला घालता? आनि खरी असेल तं माझ्या हातातून का काढली?"

कुणाल दारात उभा होता.

"माझ्या भावाचं दुकान नकलीचं हाय, हे खरं हाय. म्हनूनच मला असली-नकली कळतं. प्लॅस्टिकवर लिंबू पिळलं तं नुसतं ओघळून जातं. शंखावर पिळलं तं फसफसतं. एकच मनी, मागचा. सगळ्यांनी बघा."

लिंबू! माझा जीव पार गोळा झाला. एकदा पोळून निघालेल्या अंगावर पुन्हा आंबट! पण त्या क्षणी मी मनात म्हटलं, पीळ बाई, पीळ. माझा एक मणी गेला तरी चालेल. विनिताने मला थाळीत ठेवलं आणि मानेच्या मागे येणाऱ्या एका मण्यावर लिंबाचे थेंब पिळले. सगळ्या जणी वाकल्या. थोडा वेळ काहीच दिसलं नाही. मग मण्याच्या कडेला बारीक पांढरे बुडबुडे उठले.

"फेस येतोय," रुचिका म्हणाली. नव्या घरात आल्यावर तिने उच्चारलेला हा पहिला शब्द.

बायकांत कुजबुज झाली. खरी आहे, खरी आहे. विनिताने पदराच्या टोकाने तो मणी घाईघाईने टिपला. मला वाटलं, सुटलो बाई दोघी. पण संशय इतक्या सहजी पाय काढत नाही.

"खरी हाय तं मग अशी पांढरीफटक कशानं झाली?" कमळा म्हणाली. "आमच्याकडं होती तवर बरी होती. न्हेताना काय लावलंन हिनं, काय ठाव? घालवली ती घालवलीच ना!"

म्हणजे चोरी गेली आणि नासाडी आली. आळ तिथल्या तिथे, फक्त कपडे बदललेला. विनिताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्याजवळ आता दुसरं लिंबू नव्हतं.

मी पुतळाबाईकडे पाहत होते. ती थाळीवरून नजर काढत नव्हती. त्या मण्यावर शेवटचे एक-दोन बुडबुडे अजून होते. घमेल्यातला फेस तिने पाहिला होता. मी पाहिला होता. बाकी तिथे होते ते पितळेचे देव, आणि ते बोलत नाहीत. तिला कळलं होतं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला, त्यावरून मी ओळखलं. आणि मित्रांनो, मला शंभर टक्के वाटलं की ही गप्प बसणार. भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, नव्या सुनेच्या पहिल्याच दिवशी कोणती सासू खाली बघेल? तिने पदराने तोंड टिपलं. आता ती म्हणेल, चला, उशीर होतोय, जेवणं खोळंबली. मी तेच ऐकायची तयारी करून बसले होते.

"कमळा, गप बस," पुतळाबाई म्हणाली. "हिनं काय न्हाय केलं. मी केलं."

"वयनी, तू काय..."

"देवांच्या संगं चिंचेत घातलेली मी. सकाळधरनं जेवनापरयंत. असाच फेस आला व्हता, तं मना वाटलं मळ निघतोय." तिला पुढचं बोलायला फार जड जात होतं, पण ती बोलली. "माळ मी घालवली. आनी चोर हिला बोलली."

तिने कमरेची किल्ली काढली आणि विनिताच्या ओल्या हातात दिली. मग मला थाळीतून उचललं आणि तिच्यापुढे धरलं. "घाल. तुजा मान हाय."

विनिताने हात पुसले. माझ्या मागचा फासा तिला दोनदा लागला नाही. रुचिकाने मान तशीच वाकवून ठेवली आणि हळूच म्हणाली, "ताई, सावकाश. मला घाई नाही." तिसऱ्यांदा फासा लागला. मी एका नव्या गळ्यात पडले, खरखरीत, फिकट, पण माझ्या स्वतःच्या नावाने. कुणाल दारातून निघून गेला होता. बायका पुन्हा बोलू लागल्या, कोणी तरी सरबताचं विचारलं.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की इथे गोष्ट गोड झाली. मलाही तसंच वाटलं होतं. मला आता ओल्या फडक्याने पुसतात, खोबरेलाचं बोट लावतात, मऊ कापडात ठेवतात. पुतळाबाई हे सगळं स्वतः करते, कोणाला हात लावू देत नाही. तेलाने थोडी तुकतुकी येते, पण चंद्रकोरीवरची ती गुलाबी-हिरवी झाक काही आली नाही. ती येणार नाही. जे विरघळलं ते घमेल्यातून मोरीत गेलं.

आणि विनिता? ती हसते, बोलते, घर सांभाळते. पण सणावारी मी रुचिकाच्या गळ्यातून उतरले, की विनिता मला थाळीत ठेवते, पुतळाबाईसमोर आणते आणि म्हणते, "आई, नीट बघून घ्या. हीच हाय ना?" आवाजात राग नसतो, टोमणाही नसतो. तेच तर ऐकवत नाही. माझ्याच बाबतीत असं नाही. लॉकरमधून बांगड्या आणल्या की, "आई, बघून घ्या." सासूची साडी इस्त्रीहून आली की, "आई, बघून घ्या." पुतळाबाई म्हणते, "बस कर गं पोरी, झाली ना माजी चूक." विनिता म्हणते, "नाय आई, बघितलेलं बरं असतं." एकदा पुतळाबाईने डोळे मिटून घेतले आणि न बघताच "हीच हाय, हीच हाय" म्हणाली. विनिता डोळे उघडेपर्यंत थांबली.

म्हणून माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. घरात शंखाचं, शिंपल्याचं, मोत्याचं काही जुनं असेल तर त्याला चिंच, लिंबू, अत्तर लावू नका, प्लॅस्टिकच्या डब्यात कोंडू नका, वर्षातून एकदा तरी बाहेरची हवा दाखवा. आणि ते कधी फिकं दिसलं, तर कोणाचं नाव घेण्याआधी आपल्या हातून काय झालं ते आठवून पाहा. माझं काय, मी वस्तू आहे, तेल लावलं की पुन्हा गळ्यात पडते. विनिता मात्र अजून थाळी पुढे धरून उभी राहते, आणि पुतळाबाईने बघितल्याशिवाय ती थाळी खाली ठेवत नाही.